सतरा मिल्ड्रेड आणि एक बेरिल

"सरक गं बये, का मुहूर्त काढून देऊ तुला?" असं म्हणत बेरिलनं मिल्ड्रेडच्या मांडीवर अशी सणसणीत चापट मारली की शेजारची मिल्ड्रेडसुद्धा दचकली.

थॉर्नी गिल नावाच्या शेतावर माझा कामाचा पहिला दिवस होता. सकाळची धार. मी विचारलं, "ही पण मिल्ड्रेड?"

"ही पण. ती पण. तिकडे शेण टाकतेय ना, ती पण. दावणीला सव्वीस गायी आहेत पोरी, त्यातल्या सतरा मिल्ड्रेड." मग खाली वाकून, सडांना यंत्र लावता लावता, गायीच्या पोटाला सांगितल्यासारखं म्हणाली, "आणि बेरिल एकही नाही."

तर टॅश, तू मघाशी मला जळकी म्हणालीस ना? माझ्या कॅलमच्या कुत्रीचं नाव त्याच्या आधीच्या मैत्रिणीनं ठेवलंय आणि बागेत त्या नावानं हाक मारायला माझी जीभ वळत नाही म्हणून? मग ऐक. सगळ्याच ऐका. त्या चिप्स इकडे सरकवा आधी. जळणं काय असतं ते मी त्या गोठ्यात बघितलंय. पन्नास वर्षं, मंद आचेवर.

आता तुम्ही सगळ्या शहरातल्या, तुम्हाला हे माहीत नसणार. जातिवंत गायी पाळणाऱ्यांत एक रीत असते. आईचं नाव लेकीला. पुढे फक्त नंबर. मिल्ड्रेडला कालवड झाली की ती मिल्ड्रेड दुसरी, तिची लेक तिसरी, बहिणीची चौथी, असं करत करत थॉर्नी गिलला एकसष्टपर्यंत आकडा पोचला होता. तसं केलंच पाहिजे असं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. पण कुणी मोडत नाही. नावावरून घराणं कळतं, आणि घराण्यावरून दूध.

आणि मिल्ड्रेड घराण्याचं दूध म्हणजे काय विचारू नका.

"वाईट असत्या तर केव्हाच विकल्या असत्या," बेरिल म्हणायची. "पण मेल्या वाईट नाहीत ना! दुभत्या. गरीब. लाथ म्हणून माहीत नाही. बर्फात विणार, आपल्या आपण उठणार, वासराला चाटून पुसून लख्ख करणार. ह्या मिल्ड्रेडांनी माझी दोन पोरं शिकवली, घरावर छप्पर घातलं. मी तक्रार करू तरी कुणाकडे?"

गोठ्यात प्रत्येक गायीच्या डोक्यावर लाकडी पाटी, तिच्यावर खडूनं नाव. मिल्ड्रेड बेचाळीस, मिल्ड्रेड सत्तेचाळीस, मिल्ड्रेड बावन्न. एका कोपऱ्यात, खिळ्याला, एक पिवळं पडलेलं कार्ड होतं, भोवती फुलांची वेलबुट्टी. 'मिल्ड्रेड : सौम्य, तरी बळकट.' मी म्हटलं, किती गोड आहे हो! बेरिलनं माझ्याकडे असं बघितलं की मी बादली उचलून पळाले.

ते कार्ड कुठलं, माहितेय? त्यांच्या हनिमूनचं! स्कारबरोला गेले होते दोघं, समुद्रावर. तिथे एका दुकानात नावांच्या अर्थांची कार्डं होती, फिरत्या जाळीवर. बेरिलनं आपलं शोधून काढलं. त्यावर लिहिलेलं, 'बेरिल : एक हिरवा खडा.' बस. एवढंच. आणि शेजारी तिचा नवीकोरा नवरा हातात दुसरंच कार्ड घेऊन खदाखदा हसतोय. "अगं बघ, सौम्य तरी बळकट! अगदी आपल्या गायीसारखं गं!" आणि त्यानं ते विकत घेतलं. हनिमूनला! खडा राहिला जाळीवरच.

"त्याच्या मनात काही नव्हतं," बेरिल सांगायची. "क्लिफर्डच्या मनात कधीच काही नसतं. तेच तर."

आता मूळ मिल्ड्रेड कोण, तर ऐका. थॉर्नी गिल ज्या दरीत आहे, तिच्या खालच्या अंगाला कॅपस्टिकांची शेती होती. त्यांच्या घरात आजीचं नाव नातीला द्यायची पद्धत, त्यामुळे प्रत्येक पिढीत एक मिल्ड्रेड. ह्या मिल्ड्रेडचा आणि क्लिफर्ड रेस्ट्रिकचा साखरपुडा झाला, तेव्हा म्हाताऱ्या कॅपस्टिकनं होणाऱ्या जावयाला एक कालवड दिली. तांबड्यात पांढरे केस मिसळलेली. क्लिफर्डनं तिचं नाव काय ठेवणार? मिल्ड्रेड. आणि सहा महिन्यांत ती दोन पायांची मिल्ड्रेड, पशुखाद्य विकायला येणाऱ्या एका मोटारवाल्याबरोबर लग्न करून शहरात निघून गेली!

बेरिल तेव्हा दरीतल्या बसमध्ये कंडक्टर होती. एकोणीस वर्षांची. तिनं सकाळच्या फेरीला बघितलं, क्लिफर्ड रेस्ट्रिक दोरी धरून कालवडीला खाली घेऊन चाललाय. परत करायला. आणि दुपारच्या फेरीला बघितलं, तो तिला घेऊन परत वर चाललाय.

"कॅपस्टिक म्हणाला, दिलं ते दिलं. शब्द माझ्या पोरीनं मोडला, तू नाही," बेरिल म्हणाली. "आणि हा पठ्ठ्या सात मैल चालत परत. पाऊस असला. मी बस थांबवायला लावली. म्हटलं, ये रे आत. तर म्हणतो, 'हिला घेणार असाल तर येतो.'"

"मग?"

"मग काय मग? बावीस माणसं खोळंबली होती. मी खाली उतरले आणि त्याच्याबरोबर चालले. नोकरी गेली माझी त्या दिवशी." आणि असं म्हणताना बेरिल हसायची, आणि ते हसू गायीकडे वळलं की पुसलं जायचं. कारण तेव्हासुद्धा ती मध्ये होतीच ना, चार पायांची!

लग्नानंतर क्लिफर्डनं बेरिलच्या नावाची कालवड आणलीच नाही, असं नाही. बेरिल पहिली, बेरिल दुसरी, बेरिल तिसरी. आणि तिसरीनं ओळीनं चार गोऱ्हे दिले. चार वेतं, चारही गोऱ्हे. घराणं बंद.

"माझंही तेच," बेरिल म्हणायची. "दोन पोरगेच. एक न्यूझीलंडला, एक लीड्सला कॉम्प्युटरपुढे."

असं सगळं चाललेलं. आणि मग मार्चमध्ये क्लिफर्डला झटका आला. उजवा हात गेला, पाय गेला, वाचा गेली. तीन आठवडे हॉस्पिटलात राहून घरी आला. तेव्हापासून मी दोन्ही वेळच्या धारेला जायला लागले. आणि त्या पहिल्या आठवड्यातच म्हाताऱ्याच्या तोंडून पहिला शब्द फुटला. बेरिल त्याला लापशी भरवत होती, मी दुधाची किटली ठेवायला आत गेले होते. त्यानं तिच्याकडे बघितलं. ओठ हलवले. बेरिल चमचा धरून तशीच थांबली.

"मिल्ड्रेड," तो म्हणाला.

मला वाटलं जमीन फाटावी आणि मी किटलीसकट आत जावं.

आणि तो एकच शब्द राहिला हो त्याच्याकडे! चहा म्हणजे मिल्ड्रेड, खिडकी म्हणजे मिल्ड्रेड, कुत्रा म्हणजे मिल्ड्रेड, आणि बायको म्हणजे मिल्ड्रेड. दर मंगळवारी बोलायला शिकवणारी एक मुलगी यायची, माझ्याएवढीच. तिनं समजावलं, "मिसेस रेस्ट्रिक, असं होतं. जो शब्द माणूस आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा बोललाय, तो कधीकधी मागे राहतो. त्यात प्रेमबिम काही नसतं."

"दिवसातून दोनदा धार," बेरिल म्हणाली. "दर धारेला डझनभर मिल्ड्रेड. पन्नास वर्षं. आणि मला काय म्हणायचा माहितेय? 'ऐकलं का.' मी जवळच असायचे ना. हाक मारायची गरजच नव्हती."

मी बावळटानं मध्येच पडायचं ठरवलं. बेरिल कोंबड्यांकडे गेली की मी क्लिफर्डपुढे बसायचे, त्यांच्या लग्नाचा फोटो धरून. "म्हणा, बे. बे. रिल." तो बिचारा माझ्या ओठांकडे बघायचा, कपाळावर शिरा ताणायचा. "मि," म्हणायचा. "मि... मि..." आणि एक दिवस त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि नेमकी बेरिल दारात.

"ठेव तो फोटो," ती म्हणाली. "भीक मागून घ्यायचं नसतं ते."

पण एक सांगते, त्या एका शब्दाचं तिला सगळं कळायचं. मला मेलीला सगळे मिल्ड्रेड सारखेच वाटायचे. बेरिल स्वयंपाकघरातून न बघता सांगायची. लांबवलेलं मिल्ड्रेड म्हणजे चहा. शेवटी आपटलेलं म्हणजे दार लाव, वारा येतोय. आणि घाईनं लागोपाठ दोनदा आलं, की ती हातातलं टाकून धावायची, कारण ते म्हणजे लघवीला न्या. एकदाही चुकली नाही.

एप्रिलमध्ये मिल्ड्रेड एकसष्टावी व्यायली. कालवड! सुंदर, गडद तांबडी, कपाळावर चांदणी. दोन दिवसांनी बेरिल जेवणाच्या टेबलावर नोंदणीचा कागद घेऊन बसली. चष्मा लावला. आई : मिल्ड्रेड एकसष्टावी. आणि वासराचं नाव ह्या रकान्यात, सावकाश, शाळेतल्यासारख्या अक्षरात, लिहिलं : थॉर्नी गिल बेरिल चौथी.

मी म्हटलं, "बेरिल! असं करता येतं?"

"मनाई कुठे आहे?"

"पण कुणी करत नाही!"

"मी करतेय." पाकीट चाटून बंद केलं. "जाता जाता टपालपेटीत टाक."

मी ते पाकीट दोन दिवस गाडीतच ठेवलं, खरं सांगते. मला वाटलं, रागात आहे, उद्या म्हणेल आण परत. तिसऱ्या दिवशी तिनं नुसतं विचारलं, "टाकलंस?" आणि माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं. गमबूट घातले आणि दीड मैल चालत पेटीपर्यंत जायला निघाली. मी मागून पळत जाऊन पाकीट टाकलं.

मग वासराच्या कानात बिल्ला आला, आणि बेरिलनं तिला दोरी लावून खिडकीखाली नेलं. क्लिफर्ड आत खुर्चीत. बेरिल ओरडली, "बघ रे! बेरिल आहे ही! बेरिल!"

तो ताठ बसला. वासराकडे बघून त्याचा चेहरा इतका उजळला, इतका, की मलाच वाटलं आता नाव घेणार.

"मिल्ड्रेड!" तो म्हणाला. कौतुकानं.

बेरिल वासराला घेऊन गोठ्यात गेली. बराच वेळ आली नाही.

पोरांपैकी कुणी शेती करणार नव्हतंच. मग सप्टेंबरमध्ये लिलाव ठरला, सगळ्या गायींचा, घरच्या अंगणातच. आणि एक दिवस भांडी घासताना बेरिल मला म्हणाली, "मला ह्या लिलावातून एकच पाहिजे. भरल्या रिंगणात, सगळ्या दरीसमोर, त्या लिलाववाल्यानं माझं नाव घेतलेलं ऐकायचंय. एकदा. मोठ्यानं." लगेच पाठ फिरवून घासायला लागली. ह्या विषयावर परत एक अक्षर नाही.

लिलावाच्या दिवशी अंगणात गवताच्या गठ्ठ्यांचं गोल रिंगण. तीनशे माणूस आलं असेल. सगळ्यांच्या हातात लिलावाचं छापील पुस्तक आणि कानावर पेन्सिल. चॅपलमधल्या बायका हॅमचे सँडविच आणि चहा वाटतायत. क्लिफर्डला कोट-टाय घालून, टोपी चढवून, चाकाच्या खुर्चीत रिंगणाशी बसवलेला. आणि मी स्वयंपाकघरात फ्रूट केक कापतेय, तिकडच्या रितीप्रमाणे त्यावर चीज ठेवतेय, तोच बेरिल खिडकीशी थबकली.

"आली," ती म्हणाली.

"कोण?"

"कोण काय! ती. मूळची. कोट बघ तिचा. गोठ्यात पांढरा कोट."

मिल्ड्रेड कॅपस्टिक! म्हणजे आता मिसेस फॉसेट. चौऱ्याहत्तरची, पण केस असे बसवलेले की वारासुद्धा विचारून जाईल. बेरिलनं काय केलं असेल? कपाटातून लग्नातले कप काढले. सोनेरी काठाचे. बाहेर तीनशे लोक कागदी कपात पितायत, आणि हिला सोनेरी काठ!

"तुम्ही बेरिल ना? बसवरच्या?" मिसेस फॉसेट म्हणाली.

"होते. उतरले," बेरिल म्हणाली. "साखर?"

"नको. माझ्या नावाच्या गायी अजून आहेत म्हणे!"

"सतरा. एक लंगडतेय, एकीची कास गेलीय."

मी केकमध्ये तोंड खुपसलं. पण खरं सांगू? मिसेस फॉसेट हसलीच. मग कपाकडे बघत म्हणाली, "आमच्यात आजीचं नाव नातीला द्यायचे. माझ्या लेकीनं नाही दिलं. नातीचं नाव स्काय आहे. ती मला म्हणते, आजी, मिल्ड्रेड म्हणजे कबरीवरचं नाव. म्हटलं, शेवटचं बघून तरी यावं. अजून कुठेतरी रोज कुणीतरी हाक मारतंय ते."

बेरिलनं तिच्या कपात आणखी चहा ओतला.

मग मिसेस फॉसेट बाहेर गेली, सरळ क्लिफर्डसमोर. आम्ही मागे. ती वाकली. "क्लिफ? ओळखलंस का मला?"

म्हाताऱ्यानं डाव्या हातानं टोपीला हात लावला. सभ्य माणूस. पाहुणीकडे बघून म्हणाला, "मिल्ड्रेड."

ती बाई! तिचे डोळे असे भरले! "बघा, ओळखलं! इतक्या वर्षांनी!" आणि तिनं त्याचा हात धरला, दोन्ही हातांनी. माझ्या जिभेवर आलं होतं, अहो तो किटलीलाही तेच म्हणतो! मी बेरिलकडे बघितलं. तिनं एक वाक्य बोललं असतं तरी पुरे होतं. तिची मान लाल झाली होती, खालून वर. पण नाही बोलली. म्हणाली, "तुम्हाला पुढे बसायला जागा करून देते," आणि गवताच्या गठ्ठ्यावर तिच्या पांढऱ्या कोटाखाली स्वतःचा ॲप्रन पसरला.

लिलाव सुरू झाला. मिल्ड्रेड बेचाळीस गेली, सत्तेचाळीस गेली, बावन्न गेली. लिलाववाला तोफेसारख्या आवाजाचा, प्रत्येकीचं नाव पूर्ण घेणारा. दर नावाला मिसेस फॉसेट पुस्तकात खूण करायची. बेरिल रिंगणाच्या दाराशी उभी, गायी आत सोडत, चेहरा दगडाचा. सगळ्यात शेवटी वासरं. आणि वासरांत शेवटची ती. मी दोरी धरून तिला आत आणलं, धुऊन पुसून, चांदणी चमकतेय. मी बेरिलकडे बघितलं. तिनं डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

"पुढचं," लिलाववाला म्हणाला, "थॉर्नी गिल..." आणि पुस्तकात बघून थांबला. चष्मा वर केला. "आई मिल्ड्रेड एकसष्टावी. मंडळी, जरा थांबा. छापखान्याचा गोंधळ दिसतोय. मिल्ड्रेडच्या पोटी..." लोक कुजबुजायला लागले. दोघंतिघं हसले. पुढचा एक दाढीवाला म्हणाला, "नावात घोळ, म्हणजे रक्तात घोळ."

आणि तेवढ्यात खुर्चीतून, मोठ्यानं : "मिल्ड्रेड! मिल्ड्रेड!"

सगळ्या माना खुर्चीकडे वळल्या. लिलाववाल्याचा चेहरा खुलला. "घ्या! मालक स्वतःच सांगतायत. मिल्ड्रेडच! दुरुस्ती करून घ्या मंडळी." आणि तीनशे पेन्सिली कानावरून खाली आल्या. इकडे मिसेस फॉसेट छातीवर हात ठेवून अर्धी उठली, "मला बोलावतोय का तो?"

"पेन्सिली ठेवा खाली!"

बेरिलचा एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ती रिंगणाच्या मधोमध आली, गमबुटात.

"पुस्तकात छापलंय ते बरोबर आहे. मी लिहिलंय. वासराचं नाव बदललं तर वासरू परत गोठ्यात जाईल." मग मिसेस फॉसेटकडे वळली. "आणि तुम्ही बसा. तुम्हाला नाही बोलावत." सगळी दरी ऐकत होती, तिचे शेजारी, चॅपलमधल्या बायका, दाढीवाला, सगळे. "मला हाक मारतोय तो."

आणि ती गेली. खुर्चीचा ब्रेक काढला, आणि त्याला घेऊन झपझप घराकडे. मला तेव्हा कुठे उमगलं हो! घाईनं, लागोपाठ दोनदा. त्याला वासराबिसराचं काही नव्हतं. म्हाताऱ्याला लघवीला जायचं होतं!

मी दोरी धरून उभी. वळून बघितलं, तर खुर्ची दारात शिरत होती. दार लागलं.

आणि मग लिलाववाल्यानं घसा साफ केला आणि म्हणाला, "थॉर्नी गिल बेरिल चौथी!" तोफ! भिंतीवरच्या कावळ्यांनी उड्डाण केलं. आणि ती आत होती.

एका तरुण जोडप्यानं घेतलं वासरू. पलीकडच्या दरीतले, नुकतंच लग्न झालेले. बेरिल बाहेर आली तेव्हा ती पोरगी वासराला ट्रेलरमध्ये चढवत होती. तिनं विचारलं, "हिला लेक झाली तर नाव हेच ठेवायचं ना?"

"मग?" बेरिल म्हणाली. "आमच्यात नाव आईकडून येतं."

मिसेस फॉसेट निघाली तेव्हा बेरिल तिला "थांबा" म्हणाली, गोठ्यात गेली आणि पक्कड घेऊन कोपऱ्यातल्या त्या पिवळ्या कार्डाचा खिळा उपटला. कार्ड आणून तिच्या हातात दिलं. धूळ ॲप्रननं पुसून.

"घ्या. तुमचंच आहे. पन्नास वर्षं माझ्याकडे होतं."

मिसेस फॉसेटनं वाचलं. पर्समध्ये ठेवलं आणि गेली.

संध्याकाळी धार नव्हती. पहिल्यांदाच. पण आम्ही दोघी सवयीनं गोठ्यात गेलो. दावण रिकामी, इतकी रिकामी की आपल्याच बुटांचा आवाज नको वाटत होता. बेरिलनं बादलीत फडकं बुडवलं आणि पाट्या पुसायला लागली. बेचाळीस. सत्तेचाळीस. बावन्न. जोर लावून, कोपऱ्यांसकट. शेवटची पुसून झाल्यावर फडकं पिळलं.

"सतरा पुसल्या," ती म्हणाली. "अठरावी होऊन बसले मीच."

मी हसले. ती हसली नाही. पिळलेलं फडकं परत पिळत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "कसं घेतलं गं त्यानं?"

"काय?"

"नाव."

मी म्हटलं, "मोठ्यानं. तीनदा."

"तीनदा?"

एकदाच घेतलं होतं. "तीनदा," मी म्हटलं.

"म्हणून दाखव."

मी बादली उलटी केली, वर उभी राहिले, छाती फुगवली आणि त्या लिलाववाल्यासारखं ओरडले, "थॉर्नी गिल बेरिल चौथी!" रिकाम्या गोठ्यात काय घुमलं म्हणून सांगू! बेरिल खाली बघत उभी होती. दुसऱ्यांदा ओरडले. तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तोच घरातून आवाज आला.

"मिल्ड्रेऽऽऽड!"

बेरिलनं ओल्या हातावरचा खडू ॲप्रनला पुसला.

"चहा," ती म्हणाली, आणि गेली.